डांबराचा शनिवार

मे महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे ॲशबॅच हॉलचा डांबराचा शनिवार. अडतीस वर्षांत त्यात खंड नाही. अम्ब्रोज हॅबर्ली वारले त्या वर्षीसुद्धा नाही. ते एप्रिलात गेले आणि मेमध्ये त्यांची थोरली लेक नेस्टा त्यांचाच कोट अंगात घालून शिडीवर चढली. घरातली माणसं वर्षभर एकमेकांशी बोलोत न बोलोत, या एका दिवशी सगळी येत, पुढच्या भिंतीतल्या भेगा सिमेंटने बुजवत, ओकच्या लाकडांना डांबर फासत, दुपारी थंड हॅम आणि लोणच्यातले कांदे खात आणि संध्याकाळी काळ्या हातांनी आपापल्या घरी जात. डांबर आठवडाभर नखांतून जात नाही. नेस्टाच्या नखांतून ते कधी गेलंच नव्हतं.

यंदा रोलंड आला तो एका सुताराला घेऊन.

"हे मिस्टर प्रीस," गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला. "जुन्या लाकडी घरांचंच काम करतात. सांगाडा बघून देतील म्हणाले."

नेस्टा अंगणात रॉकेलच्या शेगडीवर डांबर पातळ करत होती. हातातली काठी तिने थांबवली नाही. "आज?"

"आज सगळे आहोत म्हणून."

"आज काम आहे म्हणून सगळे आहोत."

रोलंड धाकटा भाऊ असला तरी पन्नाशीला टेकलेला, आणि लहानपणापासून त्याची एक खोड होती: मनात काही काळंबेरं असलं की तो खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचा. आता तो त्या खुळखुळवत होता. त्याची बायको पॉलीन गाडीच्या पलीकडच्या दारातून उतरली, पायांत कोरे पांढरे बूट. डांबराच्या शनिवारी पांढरे बूट घालून येणारी बाई मदतीला आलेली नसते, हे नेस्टाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तिचं अर्धं लक्ष डांबराकडे होतं. उतू गेलं तर फरशी खराब होते.

फेब्रुवारीत कौन्सिलचं पत्र आलं होतं. घराची पुढची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली आहे, जाणकाराकडून तपासून घ्या, असं त्यात होतं. नेस्टाने ते घड्याळामागे ठेवून दिलं होतं. चारशे वर्षं उभं असलेलं घर थोडं वाकणारच, माणूस ऐंशीला वाकतो. दोन टेकू लावले की झालं. आई पंचाऐंशीची आहे, ती याच घरात डोळे मिटेल. मग यथावकाश मी याच घरात जाईन. यापलीकडे नेस्टाचं देवाकडे मागणं नव्हतं, आणि एवढं तरी तो देईल असं ती धरून चालली होती.

आणि घर दिसायलाही काय होतं. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर काळ्या कुळकुळीत लाकडांची नक्षी, तिरपे तीर, चौफुल्या, वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, मधोमध पोर्च आणि पोर्चच्या उजव्या खांबावर कोरलेलं साल, १५८७. रस्त्याने जाणाऱ्या बसगाड्या थांबवून लोक फोटो काढत. एकदा बिस्किटांच्या डब्यावर ॲशबॅचचं चित्र छापलं होतं. तो डबा अजून मोठ्या दालनात चुलाण्याच्या फळीवर होता, आणि त्यात बटणं होती.

धाकटी बहीण डिलिस बर्मिंगहॅमहून दहाच्या बसने आली, नेहमीसारखी धापा टाकत, आणि नेहमीसारखी आधी नेस्टाच्या गळ्यात पडली. दोन लग्नं करून दोन्ही मोडून झाल्यावर डिलिसला जगात एकच जागा पक्की वाटायची, आणि ती म्हणजे हे घर.

"हा कोण गुडघ्यावर बसलाय?" तिने विचारलं.

"रोलंडचा सुतार."

"आणि आई काही बोलली नाही?"

आई, म्हणजे एनिड हॅबर्ली, समोरच्या हिरवळीवर खुर्चीत बसली होती, पायांवर घोंगडी. डांबराच्या शनिवारी खुर्ची बाहेर येई ती सकाळीच, कारण शेवटचा हात घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने मारायचा असा रिवाज होता: त्या कोरलेल्या सालाखाली, एकच पट्टा, वरून खाली. एनिडबाईंना ऐकू कमी येई. दिसे मात्र लख्ख. सुतार काय करतोय ते त्या सकाळपासून बघत होत्या.

प्रीसची कामाची रीत संथ होती. आधी तो लाकडी हातोडीने खांबावर ठोकी, मग कान जवळ नेई, मग पुन्हा ठोकी. आवाज पटला नाही की कोटाच्या खिशातून एक टोच्या काढी. तो पोर्चच्या उजव्या खांबापाशी आला, बुडाशी डांबरावर टोच्याचं टोक ठेवलं आणि फक्त तळवा दाबला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. जोर असा लावलाच नव्हता त्याने.

नेस्टा बादली घेऊन शेजारीच उभी होती.

प्रीसने टोच्या बाहेर काढला. टोकाला ओलसर तपकिरी भुगा होता. त्याने तो बोटांत चोळला, नाकात ओढायच्या तपकिरीसारखा.

"मिस हॅबर्ली, हे सिमेंट कोणी लावलं?"

"माझ्या वडिलांनी. अठ्ठावन साली. मधल्या चौकटी कुडाच्या आहेत ना, त्यांचा चुना झडायचा. दर दोन-तीन वर्षांनी नवा लावा. बाबा म्हणाले, एकदाच काय ते पक्कं करून टाकू."

"आणि डांबर?"

"तेही तेव्हापासूनच. त्याआधी लाकूड करडं होतं. अगदी रया गेलेलं दिसायचं."

"करडंच असतं ते," प्रीस म्हणाला. "चारशे वर्षं करडंच होतं." तो उठला, गुडघे झटकले. कठोर माणूस नव्हता तो. पण लाकडाबद्दल खोटं बोलणं त्याला जमत नसावं. "ओकला पावसाचं भय नाही, मिस हॅबर्ली. भिजतं, वारा आला की वाळतं. चुनाही तसाच, पाणी घेतो आणि सोडतो. लाकूड फुगलं, आकसलं, तरी चुना त्याच्याबरोबर हलतो. सिमेंट हलत नाही. मग दोघांच्या मध्ये केसाएवढी भेग पडते. पाणी आत शिरतं, आणि बाहेर यायला वाट नाही. इकडे सिमेंट, वरून डांबर. लाकूड आतल्या आत कुजत राहतं."

"पण भेगा आम्ही ठेवत नाही," नेस्टा घाईने म्हणाली. "दर वर्षी बुजवतो."

प्रीसने खांब आणि भिंत जिथे मिळतात तिथून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"कोणी बुजवल्या?"

"मीच. बाबा शिडीवरून पडले त्या वर्षापासून मीच."

"लाकडाला सुकायला त्या भेगांचीच काय ती वाट होती," तो हळू म्हणाला. "हात फार चांगला आहे तुमचा. एकही सोडलेली नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नेस्टाने परतवला असता; हॅबर्लींच्या घरात ती कला सगळ्यांनाच येत होती. तिच्या हातातल्या बादलीत नुकतंच कालवलेलं सिमेंट होतं, तीन भाग वाळू, एक भाग सिमेंट, बाबांचं माप.

"आणि मागची बाजू?" रोलंडने विचारलं. किल्ल्या आता गप्प होत्या.

"मागचं स्वयंपाकघर दणदणीत आहे. आणखी तीनशे वर्षं हलणार नाही. तिकडे कोणी काही केलेलं दिसत नाही."

"तिकडे कोण बघतंय, असं बाबा म्हणायचे," डिलिस म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिनेच तोंडावर हात ठेवला.

*

जेवायला चौघं मोठ्या दालनात बसली. प्रीसने आपलं सँडविच गाडीत बसून खाल्लं; आईला बाहेरच सूप नेऊन दिलं. डोक्यावर तुळयांची कमान, कौलांखालचा अंधार, आणि तो सगळा भार ज्या खांबांवर येत होता त्या खांबांकडे आज कोणी पाठ करून बसेना. पॉलीनने तर खुर्ची दाराजवळ ओढली.

प्रीसने गाडीकडे जाताना सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. आज काही पडणार नाही. पण पुढच्या खोल्यांत कोणी झोपू नये. डागडुजी होईल का? होईल, पण मग तिला डागडुजी म्हणता येणार नाही. पुढचं सगळं उतरवायचं आणि नवं घर उभं करायचं. जुन्यातलं काय राहील? तो साल कोरलेला तुकडा राहील, तोही वरचा. स्वतःची आई असती तर पुढचा हिवाळा मात्र तिला इथे काढू दिला नसता, असं तो म्हणाला होता.

"नवं घर उभं करणं आपल्या ऐपतीबाहेरचं आहे," रोलंड म्हणाला. "तेव्हा त्यावर चर्चा नको. आईला आम्ही नेतो. खोली तयार आहे."

"तयार आहे म्हणजे?" डिलिसने हॅमचा घास अर्ध्यावर थांबवला.

"म्हणजे तयार आहे. खाली आहे, जिना नाही, न्हाणीघर लागून. पॉलीनने भिंतीला कागदही लावलाय."

"कधी?"

पॉलीनने नवऱ्याकडे बघितलं. "मार्चमध्ये," ती म्हणाली.

मार्चमध्ये. नेस्टाला हिशोब जुळवायला वेळ लागला नाही. फेब्रुवारीत पत्र, मार्चमध्ये खोली. "कौन्सिलला तूच लिहिलंस."

"लिहिलं."

"मला न विचारता."

"तुला विचारून काय झालं असतं? तू पत्र घड्याळामागे ठेवलंस. मला माहीत आहे, कारण तू सगळीच पत्रं घड्याळामागे ठेवतेस. नेस्टा, नाताळात मी पोर्चमध्ये उभा होतो आणि माझं बोट खांबात गेलं. बोट. मी घरी जाऊन पॉलीनला दाखवलं."

"मला का नाही सांगितलंस?" डिलिस म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी काय या घरची कोणी नाही?"

"तू संध्याकाळच्या आत नेस्टाला फोन केला असतास."

ते खरं होतं. सकाळपासून डिलिस नेस्टाच्या शेजारी होती, आता तिने खुर्ची थोडी बाजूला घेतली. कोणाच्या लक्षात आलं नसेल, नेस्टाच्या आलं. तीस वर्षं या टेबलाभोवती कोण कोणाच्या बाजूला सरकतं हे तिने पाहिलं होतं. वाटणीच्या वेळी डिलिस तिच्या बाजूची, बाबांच्या आजारपणात रोलंडच्या, आणि आता तिला प्रीसच्या बोटांतला भुगा आठवत होता, ती बिचारी करणार काय.

"आणि मी?" नेस्टाने विचारलं.

पॉलीनने खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढली.

"तुझ्यासाठी गावात काहीतरी छोटंसं बघू," पॉलीन म्हणाली. "छान असतं गं. छोटंसं. झाडायला-पुसायला सोपं."

"मी त्रेपन्न वर्षांची आहे, पॉलीन. मला झाडायला-पुसायला सोपं नकोय."

"मग काय हवंय?" रोलंडने चमचा खाली ठेवला. "हे? हे आता राहिलंच नाहीये, नेस्टा. वरून काळं-पांढरं दिसतंय तेवढंच घर आहे. बाबांनी ते एकदा बंद केलं, आणि त्यानंतर तू दर वर्षी न चुकता..."

"रोलंड," पॉलीन म्हणाली. "पुरे."

पॉलीनने आपली बाजू घेतली, हे नेस्टाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं, आणि तिला त्याने बरं न वाटता आणखीच मेल्यासारखं झालं. दया यायला लागली म्हणजे सगळं संपलंच की.

ती ताटाकडे बघत म्हणाली, "ठीक आहे. आईला न्या. मी अडवत नाही. पण एक गोष्ट. आईला सिमेंटचं सांगायचं नाही."

"का?"

"बाबांचं काम आहे ते. लढाईवरून आल्यावर त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही केलं नाही. या वयात तिला कळायला हवंय का, की नवऱ्याने घर वाचवलं नाही, मारलं?"

रोलंडलाही बाबा आठवले असणार. एकोणीसशे पंचेचाळीसला बर्माहून परत आलेला, जेवताना कोणाशी न बोलणारा, रात्री जिन्यावर बसून राहणारा माणूस. आणि मग अठ्ठावन सालचा तो मे, जेव्हा त्याने शिडी लावली.

"कीड म्हणू," डिलिस म्हणाली. "ओकला ती टिकटिक करणारी कीड लागतेच. जुन्या घरांना लागते. त्यात कोणाचा दोष नसतो."

"कीड," रोलंड म्हणाला.

"हो, कीडच बरी," पॉलीन म्हणाली.

हॅबर्ली घराण्यात चौघांचं एकमत होण्यासाठी नेहमी एखादं खोटंच लागायचं.

"मी सांगते तिला," नेस्टा म्हणाली.

*

डांबराचा डबा आणि चार इंची ब्रश घेऊन ती बाहेर आली. डबा का घेतला ते तिला सांगता आलं नसतं. या दिवशी बाहेर जाताना हातात डबा असतो, एवढंच.

हिरवळीवरून चालताना तिला मॉरिस आठवला. अडुसष्ट साली मॉरिस न्यूझीलंडला निघाला होता, शाळेत नोकरी लागली होती, आणि त्याने तिला याच हिरवळीवर विचारलं होतं, येतेस का. बाबा त्याच महिन्यात शिडीवरून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा पंचवीस वर्षांच्या नेस्टाने त्याला जे उत्तर दिलं ते आठवून आजही तिचे कान तापत: "पण मग भेगा कोण बुजवणार?" मॉरिस हसला होता, चांगलं हसला होता, त्याला ती थट्टा वाटली. ती थट्टा नाही हे कळल्यावर तो टोपी घालून गेला. पहिली दोन वर्षं नाताळाला कार्ड आलं.

ती आईच्या खुर्चीशेजारी गवतात बसली.

"आई, घराला कीड लागलीय."

एनिडबाई समोर बघत होत्या. दुपारच्या उन्हात घर झगझगीत दिसत होतं, काळं आणि पांढरं, बिस्किटांच्या डब्यावरचं होतं तस्संच.

"तो मनुष्य टोच्या घेऊन आला होता," त्या म्हणाल्या.

"हो. तो म्हणाला कीड. जुन्या लाकडाला लागते. आता पुढच्या हिवाळ्यात इथे राहता येणार नाही. रोलंडने तुझ्यासाठी..."

"कीड नाही," एनिडबाई म्हणाल्या. "सिमेंट."

नेस्टाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"अमॉस गफ आठवतो? आधी चुना लावायला तोच यायचा. सिमेंट लावल्याच्या दुसऱ्या वर्षी तो मागच्या दाराने आला. हातात टोपी. म्हणाला, बाई, साहेबांना सांगायची माझी छाती नाही, तुम्ही सांगा. हे खरवडून काढा. आत पाणी मुरतंय. आता काढलंत तर वाचेल." त्यांनी घोंगडी वर ओढली. "मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं."

"आणि बाबांना?"

"नाही सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? तू तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होतीस, तुला आठवायला हवं. तेरा वर्षं तो माणूस या घरात पाहुण्यासारखा वावरला, नेस्टा. आणि मग एका शनिवारी मी स्वयंपाकघरात होते आणि शिडीवरून शीळ ऐकू आली. मला वाटलं, रोलंड. बाहेर येऊन बघते तर तुझे बाबा. तुम्ही तिघं खाली, हात काळे, हसताय. आणि मी त्याला जाऊन सांगू, की चूक केलीस, काढ ते सगळं?"

ते नेस्टाला समजलं. खरं सांगायचं तर पूर्ण समजलं, आणि तिला आईची माया आली. क्षणभरच.

"पण बाबा गेले एकोणऐंशी साली," ती म्हणाली. "त्यानंतर तरी?"

आई घोंगडीवरचं गवत झटकत राहिली.

"आई, त्यानंतर सतरा वर्षं मी एकटी शिडीवर चढले. तू इथे बसून बघत होतीस. इथेच."

"मला काही इथे बसायची हौस नव्हती. गुडघे दुखतात."

"आई."

एनिडबाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाजही. "डिलिस लग्न करून गेली. रोलंड पॉलीनचा झाला. ही सगळी येतात ती वर्षातून एकदा, डांबराला. आणि तू तर त्यासाठीच राहिलीस. अमॉसचं सांगितलं असतं तर तू राहिली असतीस?"

"अडुसष्ट साली," नेस्टा म्हणाली. "मॉरिस आला होता तेव्हा तुला हे माहीत होतं."

"चांगला मुलगा होता," आई म्हणाली. "मी पुढच्या खिडकीतून बघत होते. तुझं काय ठरतं ते."

"मी त्याला भेगांचं कारण दिलं."

"माहीत आहे. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी."

भांडावं, ओरडावं, त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईला खांदे धरून हलवावं, असं नेस्टाला वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं ते इतकंच, की आता कुठे बसावं. गवतातच बसली होती ती, तरीही. अठ्ठावीस वर्षांतल्या एकेका मेमधली एकेक भेग तिला वेगळी आठवत होती. पोर्चच्या वरची, जी दर वर्षी उघडायची. जिन्याच्या खिडकीखालची, तिला ती हट्टी म्हणायची. किती प्रेमाने तिने ती बुजवली होती, पाणी शिंपडून, करणीने दाबून, अंगठ्याने कड साफ करून.

"अगं, आलीच ही सगळी," एनिडबाई म्हणाल्या. "ब्रश दे."

दारातून रोलंड, पॉलीन आणि डिलिस येत होती. यंदा एकाही लाकडाला डांबर लागलेलं नव्हतं, भेग बुजलेली नव्हती, तरी चार वाजले होते आणि चार वाजता सगळी पोर्चसमोर उभी राहत. दुसरं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. रोलंडने बहिणीकडे बघून भुवया उंचावल्या: सांगितलंस?

"सांगितलं," नेस्टा म्हणाली. "कीड लागलीय म्हणून सांगितलं."

"आता लागते ती लागते," एनिडबाई म्हणाल्या, आणि लेकीकडे न बघता हात पुढे केला.

नेस्टाने आईला उठवलं. एका बाजूने रोलंडने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. पोर्चपर्यंत वीस पावलं, त्याला पाच मिनिटं लागली. खांबाच्या बुडाशी टोच्याचं भोक होतं, त्यातून अजून ओल झिरपत होती. नेस्टाने ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला आणि आईच्या मुठीत दिला. मग तिने आपला हात त्या हातावर ठेवला, आणि दोघींनी मिळून १५८७ च्या खाली पट्टा ओढला, वरून खाली, एकच.

डिलिसने टाळ्या वाजवल्या, कारण दर वर्षी तीच पहिली वाजवायची. मग पॉलीनने, मग रोलंडने. डिलिस रडत होती.

"झालं," एनिडबाई म्हणाल्या. "आता चहा करा कोणीतरी. नेस्टा, ब्रश धुऊन ठेव, वाळला की फेकून द्यावा लागतो."

रॉकेलचा डबा मागच्या स्वयंपाकघराबाहेर असतो. नेस्टा घराला वळसा घालून तिकडे गेली. या बाजूला कधी कोणी फोटो काढले नव्हते. चुना पिवळा पडून जागोजागी सुटला होता, कुडाच्या काटक्या दिसत होत्या, आणि लाकूड करडं होतं, उभ्या रेघा पडलेलं, खुंट्यांची डोकी बाहेर आलेलं. कोणी पाहुणा चुकून इकडे आला की ती म्हणायची, माफ करा हं, इकडचं राहिलंय, एकदा हात मारायचा आहे. अडतीस वर्षं तिला या भिंतीची लाज वाटत आली होती.

तिने ब्रश रॉकेलमध्ये धुतला. तीनदा, केस मोकळे होईपर्यंत. तो आता कधीच लागणार नव्हता, तरी चिंधीत गुंडाळून खिळ्याला टांगला. मग ती दाराशेजारच्या खांबाकडे वळली. ऊन त्यावर पडलं होतं. प्रीसने इथेही टोच्या लावून पाहिला असणार, पण खूण शोधूनही सापडेना. खांबाला पाठ टेकून थोडा वेळ उभं राहावं, निदान हात ठेवून बघावा, असं तिला फार वाटलं. तिने हात उचलला.

दोन्ही तळवे काळे होते. तिने हात लावला नाही.